सेऊलच्या रस्त्यावर मिळालेलं पत्रक

तुम्ही घर सोडलंत त्या दिवशी 'परत ये' असं तुम्हाला नक्की कोणी सांगितलं होतं? घाई करू नका, आठवून सांगा. मला अण्णांनी सांगितलं, असं मी अमेरिकेत, कोलंबसमध्ये तीन वर्षं छातीठोकपणे सांगत आले. आता माझी खात्री उरलेली नाही.

सोलापूरच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सूतगिरणीत कामाला आणि युनियनची पत्रकं लिहिणारे. आमच्या घरात देव नव्हते, सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मुलगी अमेरिकेला निघाली होती आणि हा माणूस माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना पत्रक देत होता. "हातात आलेलं पत्रक टाकायचं नाही. वाचायचं आणि पुढच्याला द्यायचं." आमच्या घरातलं कर्मकांड म्हणाल तर एवढंच. आईनं डबा देताना कानाशी येऊन म्हटलं, "तिकडंच राहा गं. इथं काय ठेवलंय?" मी तिच्यावर डोळे वटारले. अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचल्यावर पत्र टाक." गाडी सुटली.

कोलंबसच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर जिन-हो बसायचा. सेऊलचा. तिथल्या निदर्शनांत एकदा पकडला गेला, सुटल्याबरोबर आईनं त्याला इकडे ओहायोत मामाकडे धाडलं. दुपारच्या डब्याला आम्ही दोघं मिळून सगळ्यांना शिव्या घालायचो, सरकारांना, प्रोफेसरांना, कॅन्टीनच्या कॉफीला. दोघांचीही डिग्री संपत आली होती. मला डब्लिनमधल्या एका कंपनीची ऑफर होती, ऑगस्टअखेर उत्तर द्यायचं होतं. 'मी परत जाणार' असं सगळ्यांना ऐकवत होते, पण ऑफरचं पत्र फाडलं नव्हतं. जिन-होला जायचं होतं, पण आईच्या पत्रांत फक्त हवा आणि तब्येत. पत्रं कोणी उघडतं, असा तिचा संशय.

सत्त्याऐंशीच्या जुलैमध्ये आमच्या प्रोफेसरांचं ऑपरेशन निघालं आणि सेऊलच्या कॉन्फरन्समध्ये त्यांचा पेपर वाचायला मला पाठवायचं ठरलं. जिन-हो म्हणाला, "आईला समोर बसून विचार, मी येऊ का? बाकी काही नको." माझी पुण्याची रूममेट म्हणाली, "यार, पेपर प्रेझेंट कर आणि गुपचूप परत ये. क्रांती कॅन्सल कर."

सोलापूरच्या उन्हाची मी फार फुशारकी मारायचे. सेऊलनं ती एका सकाळीत उतरवली. आमचं ऊन भाजतं, हे उकडत होतं. ओला पंचा तोंडावर टाकावा तशी हवा. झाडांवरचे किडे बसच्या आवाजावर मात करून किंचाळत होते. चौकात अश्रुधुरानं डोळे चुरचुरले. फुटपाथवरचे लोक नाकाला रुमाल लावून निमूट चालले होते, का ते कोणी बोलत नव्हतं. बसस्टॉपवर माझ्याच वयाच्या एका मुलीनं माझ्या हातात कागद कोंबला आणि ती पळाली. पत्रक! एक अक्षर कळेना, पण कागदाचा तो खरखरीतपणा, बोटाला लागणारी ती शाई माझ्या ओळखीची होती. बसमध्ये मी ते प्रसादासारखं हातात धरून बसले.

जिन-होच्या आईनं पंखा माझ्याकडे वळवला, कलिंगड कापलं. त्याची धाकटी बहीण सू-जिन आईचं बोलणं मला इंग्रजीत सांगायला बसली. मोठ्यांना काहीही दोन्ही हातांनी द्यायचं, हे जिन-होनं शिकवलेलं. मी ते पत्रक दोन्ही हातांनी त्याच्या आईपुढे धरलं.

ती पांढरीफटक पडली. उठली आणि त्या उकाड्यात दोन्ही खिडक्या लावल्या.

"हे बसमधून असंच हातात धरून आणलंत?" सू-जिननं विचारलं.

"हो."

"दादानं पाठवलंय तुम्हाला हे द्यायला?"

"नाही, नाही. आमच्या घरी पत्रक वाचून पुढच्याला देतात."

"तुम्हाला वाचता तरी येतं का?"

न वाचता पत्रक पुढे दिल्याचं अण्णांना कळलं असतं, तर त्यांनी माझं तोंड पाहिलं नसतं. मग मी घाईघाईनं जिन-होचा प्रश्न विचारला. आई बराच वेळ बोलली. सू-जिननं तीन शब्दांत सांगितलं, "नको येऊस म्हणते."

आई पत्रक घेऊन स्वयंपाकघरात गेली. शेगडी पेटल्याचा आवाज आला. जाळलं, असं मी समजले. मग बंद खिडक्यांच्या खोलीत तिघींनी घाम पुसत कलिंगड संपवलं. निघताना तिनं जिन-होसाठी बांधलेलं पुडकं दिलं. समुद्री शेवाळाचे वाळवलेले, खायचे कागद आणि लाल तिखट.

कोलंबसला परतल्यावर मी त्याला निरोप सांगितला. त्यानं मान हलवली, पुडकं सोडलं. शेवाळाच्या दोन थरांत घडी घालून ते पत्रक ठेवलेलं होतं. कडेला कलिंगडाचा डाग.

मला आधी संताप आला. मला न विचारता माझ्या बॅगेत घातलं! विमानतळावर बॅग उघडली असती तर? मग आठवलं, तिला न विचारता ते तिच्या घरात कोणी नेलं होतं.

जिन-होनं उभ्याउभ्याच वाचलं. शिवणकारखान्यातल्या बायकांचं होतं. पगार, आठवड्याची सुटी, युनियनचा हक्क. "तुझ्या वडिलांसारखंच," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघून, "मग? येऊ की नको?"

ज्या मुलीकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत तयार असतं, तिच्याकडे काही नव्हतं. अजून नाही. त्यानं पत्रक टेबलासमोर टाचणीनं लावलं आहे. तिकीट काढलेलं नाही.

मी मात्र अण्णांचं वाक्य शोधायला लागले. सापडलं ते एवढंच, "पोचल्यावर पत्र टाक." 'परत ये' त्यांनी म्हटलंच नव्हतं, ते मी त्यात भरलं आणि त्याच्या जोरावर इथंच स्थायिक झालेल्या सगळ्या मराठी काकाकाकूंना सुनावलं. आईचं वाक्य खरोखर उच्चारलेलं होतं. ते मी कोणालाच सांगितलं नाही. कदाचित तिच्याही मनात दुसरंच होतं, कोण जाणे.

म्हणून परवा लिहिलं: "आई, अण्णा, मी येऊ का? दोघांनी वेगवेगळं लिहा, एकमेकांना दाखवू नका." उत्तर महिनाअखेरीच्या आत येणार नाही, हे मला माहीत आहे. डब्लिनवाल्यांकडे मी मुदत मागितली आहे. पूर्वी मला कोणी घर विचारलं की मी सोलापूर म्हणायचे. हल्ली क्षणभर थांबते.

तुम्ही घर सोडून गेला असाल तर या आठवड्यात घरी पत्र टाका आणि सरळ विचारा. मागे राहिला असाल तर सरळ उत्तर द्या, हवापाणी नको. आणि हा कागद वाचून झाला की टाकू नका, पुढच्याला द्या.