घाम थांबला त्या दुपारी

“हीट स्ट्रोक आहे, म्हणजे उष्माघात,” डॉक्टर माझ्या नवऱ्याला सांगत होते. “शरीराला आता स्वतःला थंड ठेवता येत नाही.” मला ते ऐकू येत होतं, पण माझं नाव आठवत नव्हतं.

आम्ही केजला, गावाच्या कडेच्या वस्तीत राहतो. भिंती पत्र्याच्या, छप्परही पत्र्याचं. मी घरीच ब्लाउज शिवते. त्या दुपारी अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या. मग घाम एकदम थांबला. मला बरंच वाटलं. तुमचं असं झालं तर बरं वाटून घेऊ नका. लगेच सावलीत जा, अंगावर पाणी घ्या, कुणाला तरी हाक मारा.

शेजारच्या खोलीत शांताकाकू एकट्या होत्या. मुलगा-सून ऊसतोडीवरून अजून परतले नव्हते. मधल्या पत्र्यावर टकटक झाली. तापला की पत्रा वाजतो, म्हणून मी उठले नाही. थोड्या वेळानं पुन्हा झाली. पुढचं आठवत नाही. नवरा जेवायला आला तेव्हा मी मशीनवर कोसळलेली होते.

दवाखान्यात ओल्या चादरी, पंखे, सलाईन. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन तपासलं. किडनी नीट चालते का, ते त्यात कळतं. वाढलेलं निघालं. ते उतरायची वाट बघत चार दिवस पडून होते. वर स्लॅबचं छत होतं, तरी मला टकटक ऐकू यायची.

पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, “काकू गेल्या. त्याच दुपारी.”

काकूंची सून मंगल परत आल्यावर मी तिला सगळं सांगितलं.

“तुमी तरी कुठं शुद्धीत होता, वैनी?” ती म्हणाली.

“पहिल्यांदा टकटक झाली तेव्हा होते,” मी म्हणाले.

ती आत निघून गेली.

पुढं वस्तीत कुणी पत्र्याला चुना मारला, कुणी वर उसाचं पाचट अंथरलं. खोली जराशी निवते, पण भर दुपारी बसण्यासारखी नाहीच. म्हणून बारा वाजले की आम्ही बायका दारोदार हाका मारतो आणि सगळ्यांना स्लॅबच्या समाजमंदिरात नेतो. म्हातारं माणूस एकटं ठेवत नाही.

मंगल माझ्याशी बोलत नव्हती. एका दुपारी मी शिवतच बसले होते, तर तीच दारात आली.

“उठा. ऱ्हाऊ द्या ते.”

मी उठले. तिनं मला माफ केलंय का, ते अजून विचारलेलं नाही. ती बोलवायला येते आणि मी तिच्या मागून जाते.