अक्कांनी धरून ठेवलेली लाईन

भुताखेतांचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठते. पटतच नाही मला असलं काही. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला कसंतरी होतंय... पण इतकी वर्षं पोटात ठेवलंय, आज लिहूनच टाकते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळगावला नवीपेठेत माझं डीटीपी सेंटर होतं. धुळ्याच्या देवपुरातले नाना माझे जुने क्लायंट — घरीच कॉम्प्युटर, स्कॅनर, सगळं. तेव्हा मोठी फाईल पाठवणं म्हणजे दिव्य! ईमेलमधून ती जायचीच नाही. तुकडे करून फ्लॉप्यांवर घ्यावी, पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यावं, तर नेमकी एक फ्लॉपी खराब निघायची. सगळं मुसळ केरात. शेवटी आम्ही फोनलाच मोडेम जोडून थेट फाईल घ्यायला लागलो. आधी फोनवर बोलायचं, "लाव" म्हटलं की दोघांनी मोडेम सुरू करायचा.

त्यात गोम अशी — नानांकडे त्याच लाईनचा दुसरा फोन स्वयंपाकघरात होता. मध्येच कोणी तो उचलला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नानांच्या मिसेस, अक्का, फाईल संपेपर्यंत त्या रिसीव्हरवर हात दाबून बसायच्या. कोणी जवळ आलं की ओरडायच्या, "हात नको लावू रे, जळगावनं काम चालू शे!" अक्का बसल्या की फाईल तुटायची नाही. आम्ही हसायचो.

त्या वर्षी नाना अक्कांच्याच खानदेशी पाककृतींचं पुस्तक काढत होते. कळण्याची भाकरी, बिबडे, खापरावरचे मांडे — सगळं अक्कांच्या हातचं. आणि तेव्हाच अक्कांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. दवाखान्यात त्यांचं एकच चालू, "मनं पुस्तक कव्हय येई?" आतली पानं माझ्याकडे छापून तयार होती. अडलं होतं फक्त कव्हर. त्यावर मांडे करणाऱ्या अक्कांचा फोटो, आणि ती फाईल ही भली मोठी.

नाना पाठवायचे, अर्ध्यावर तुटायची. पुन्हा... पुन्हा... मी मोडेमला लाखोली वाहत होते. शेवटी नाना म्हणाले, "जाऊ दे बेटा, मी दवाखान्यात जातो. नंतर बघू." नंतर कसलं डोंबलाचं! अक्कांकडे नंतर होतं का? रात्रभर माझा जीव खालीवर.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी फोन वाजला. अक्का! आवाज खणखणीत.

"लाव वं माय. मी बठेल शे. कोनलेच हात लावू देस नही."

मला वाटलं, घरी सोडलं वाटतं! विचारायला तोंड उघडलं तोवर मोडेमची शिट्टीच ऐकू आली. झटकन बटण दाबलं. फाईल येत राहिली, येत राहिली... अख्खी आली. मी आनंदानं टेबलावर हात आपटला. धुळ्याला उलट फोन लावला, तर कोणी उचलेना.

कव्हर प्रिंट केलं, पानांवर चढवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. नानांच्या घराला कुलूप. तशीच दवाखान्यात गेले. पुस्तक बघून नाना चक्रावले.

"हा फोटो कुठून आणलास?"

"अहो, काल तुम्हीच पाठवलात ना! अक्कांनी फोन केला..."

"अक्कांनी? तिनं परवापासून डोळे उघडले नाहीत, बेटा. आणि मोडेम तर हा बघ." नानांनी खाटेखालची पिशवी ओढली. "घरून जमेना, म्हणून मित्राच्या ऑफिसातून बघावं म्हटलं. परवाच काढून आणलाय. तेव्हापासून घर बंद आहे."

अक्का खाटेवर होत्या. उजवा हात गादीवर गच्च दाबलेला.

"काल दुपारपासून असाच दाबून धरलाय," नाना म्हणाले. "सोडतच नाही."

मी वाकून पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. "अक्का..." त्यांनी डोळे उघडले. कव्हरकडे बघत राहिल्या, हसल्या. मग पुटपुटल्या,

"गई ना वं माय, बठ्ठी? मना हात भरी ऊना."

"सगळी आली, अक्का," मी म्हटलं. आणि त्यांनी हात सोडला.

संध्याकाळी अक्का गेल्या. पुस्तक उशाशीच होतं.

कोणी म्हणेल, क्रॉस कनेक्शन असेल. असेल बाबा. मग फोटो कुठून आला? मला आजही सांगता येत नाही. आता क्लायंट चुटकीसरशी केवढ्याही फाईली पाठवतात. तरी मोठी फाईल उतरायला लागली की माझा उजवा हात टेबलावर दाबला जातो, आणि ती पूर्ण होईपर्यंत मी तो उचलत नाही.