सांगितल्या भावापेक्षा जास्त

वडील साखरेच्या आजाराने गेले. पायाची जखम चिघळली आणि दोन महिन्यांत माणूस संपला. त्यानंतर वर्षभरात मोठ्या भावाशी भांडण होऊन आमचा संत्र्यांचा एकत्र धंदा तुटला. तुटताना तो बाजारात चार लोकांसमोर म्हणाला, "बाबाचा रोग याले लागला. इतका राग काय उगाच येते?"

ते मी आजही विसरलेलो नाही. पण खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं, आणि तेव्हापासून मी मरणाला घाबरून होतो.

वेगळा झालो तेव्हा माझ्याकडे फक्त एक सायकल होती. काटोलकडच्या बागा तिच्यावरच फिरून बघायचो. झाडावरच्या फळांचा नजरेने अंदाज घ्यायचा आणि उभ्या बागेचा सौदा ठरवायचा. अंगातली साखर जाळायची म्हणून सकाळी उपाशीच निघायचो. पंचवीस-तीस मैलांनंतर हात थरथरायचे, थंडीतही घाम फुटायचा. मला वाटायचं, रोग वाढला. मग रात्रीची भाकरीही कमी करायचो.

एका हिवाळ्यात असाच, समोरच्या वाऱ्याशी झगडत एका बागेत पोचलो. मालकीण नवऱ्यामागे सगळा व्यवहार स्वतः बघायची. मी झाडं बघू लागलो. एकच झाड तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा वेगळा. डोळ्यांसमोर नुसता नारिंगी रंग.

"बाराशे," ती म्हणाली.

मी सायकलच्या सीटवर हात आपटून ओरडलो, "पंधराशेच्या वर एक पैसा देणार नाही!"

ती बघतच राहिली. "भाऊ, मी बाराशेच म्हणून राहिली."

"मले शिकवू नका! पंधराशे म्हणजे पंधराशे!"

"तुमच्यासारखा चिवट माणूस जास्त देऊन राहिला, म्हणजे तब्येत बिघडली तुमची. बसा आधी."

बसायची वेळच आली नाही. पाय गेले आणि मी सायकलीसकट बांधावर पडलो. तिने चार संत्री पिळली, त्यात गुळाचा खडा विरघळवला आणि पेला तोंडाला लावला.

"मले साखरेचा रोग हाय. विष देता काय?"

"रोगाचं मंग पाहू. पिऊन घ्या."

भांडायला ताकद नव्हती, म्हणून प्यालो. पंधरा-वीस मिनिटांत हात थांबले, झाडं वेगवेगळी दिसू लागली आणि आपण काय बोललो ते आठवलं.

"साडेआठशे," मी म्हणालो.

"आता बरं वाटून राहिलं दिसते," ती म्हणाली. हजारावर सौदा ठरला.

पण परतताना पोटातला तो गूळ मला खात होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला आणि सगळं सांगितलं. त्याने निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी ज्योतीवर धरली. वडिलांची नळी विटेसारखी लाल झालेली मी पाहिली होती. ही निळीच राहिली. तरी त्याने रक्तही घेतलं. त्याचा कागद मिळेपर्यंतची रात्र मी कशी काढली ते मलाच ठाऊक.

"साखर अजिबात वाढलेली नाही," कागद बघून तो म्हणाला. "उलट उपाशीपोटी एवढी सायकल हाणून तुम्ही ती पार खाली आणता. मेंदूला साखर मिळाली नाही की हात कापतात, राग येतो, हिशोब चुकतो. आजार आहे असं सांगितलं कुणी?"

"भावाने."

"डॉक्टर आहेत?"

"संत्री विकते."

तो हसला. मला हसू आलं नाही. बाजारात कुणाचाही भाव पहिल्या तोंडाला न मानणारा मी, भावाचा एवढा मोठा शब्द घासाघीस न करता घेऊन बसलो होतो. एकदाही तपासून घेतलं नव्हतं.

दवाखान्यासमोरच्या टपरीवर मी तर्री-पोहे सांगितले. पहिला घास गिळला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. थांबेचना.

"काय झालं, भाऊ?" टपरीवाल्याने विचारलं.

"तर्री तिखट हाय," मी म्हणालो, आणि आणखी एक प्लेट मागितली.