सुतळीनं बांधलेली चप्पल

बाबा ढाब्यावर भांडी घासायचे, आई कापूस वेचायची आणि मी नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शरीरशास्त्रात नापास झाले. पुन्हा आपटले असते, तर कॉलेज सुटलं असतं.

फेरपरीक्षेला निघाले, तेव्हा कारंज्याहून एसटीत एक म्हातारी शेजारी बसली. एक चप्पल पायाला सुतळीनं बांधलेली.

"काऊन बांधली, आजी?"

"शुगरनं पाय सुन्न झाला, बाई. चप्पल गळली तरी समजत नाई. चाल म्हटलं का चालते, पण काटा रुतला तं सांगत नाई. आमच्या बुढ्याचं उलटं हाय. दिवसभर सांगते, उठत काई नाई."

पेपरात नेमकं आलं, नसांचे प्रकार लिहा. बातमी नेणाऱ्या संवेदी नसा म्हणजे बुढा, हुकूम पाळणाऱ्या प्रेरक नसा म्हणजे आजीचा पाय. दोन्ही कामं करणाऱ्या मिश्र नसांपुढे आईचं नाव लिहायचं तेवढं टाळलं.

मी पास झाले. पुढची वर्षंही निघाली आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच झाले.