हवामान खातं माझ्याकडे

माझ्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मोठ्या भावाने सगळ्यांना ओट्यावर बसवून कामं वाटून दिली. जेवण वहिनीच्या भावाकडे, पत्रिका थोरल्या जावयाकडे, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते सरपंचाकडे. मग दादाची नजर माझ्यावर आली.

"मास्तर, हवामान तुझ्याकडं."

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. भिवंडीच्या एका शाळेत एकतीस वर्षं मोसमी वारे शिकवले. या एकतीस वर्षांत घरातल्या एकाही माणसाने मला वाऱ्याबद्दल काही विचारलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी मी जरा ताठच बसलो.

लग्न मे महिन्यात होतं, मुहूर्त भर दुपारचा होता आणि जागा उघडी होती. आमच्या गावी, दिघाशीला दादाची शेती आहे, म्हणजे होती. आता तिच्यावर गोदामं उभी आहेत आणि दादा खुर्चीत बसून त्यांच्याकडे पाहतो. रस्त्याकडेचा एक तुकडा तेवढा मोकळा राहिलाय. पुतणीने शहरातले दोन एसी हॉल पाहून ठेवले होते. दादाने त्यांचे फोटोसुद्धा बघितले नाहीत.

"आपली जमीन असताना पोरीला दुसऱ्याच्या छपराखालून पाठवायची? लोक काय बोलतील?"

लोक काय बोलतील याचा दादाने खरोखरच अभ्यास केला होता. गेल्या मे महिन्यात शेजारच्या गावात एका बड्या असामीच्या मुलाचं लग्न असंच शेतात झालं. जेवणाच्या पहिल्या पंगतीला वावटळ आली, मागोमाग वळीव आला आणि मांडवाचं अख्खं कापड उडून बाजूच्या गोदामाच्या पत्र्यावर जाऊन बसलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. वर्षभर तालुक्यात तो ज्याने पाहिला नाही असा माणूस उरला नसेल. त्या व्हिडिओत नवरदेवाचा बाप एक दोरी धरून धावताना दिसतो. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

"आपल्यात असं होता कामा न्हाय," दादा म्हणाला. म्हणजे लग्न कसं व्हावं हे ठरण्याआधी ते कसं होऊ नये हे पक्कं झालं.

मी कामाला लागलो. फोनवर हवामानाची तीन ॲप घेतली. एक म्हणायचं आकाश निरभ्र. दुसरं म्हणायचं गडगडाटाची शक्यता. तिसरं रोज सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरंच सांगायचं, त्यामुळे ते मला सगळ्यात प्रामाणिक वाटायचं. महिनाभर आधीचा अंदाज कुणालाच देता येत नाही, हे मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलंय. पण रोज संध्याकाळी दादाचा फोन यायचा, आणि पलीकडे सगळं घर स्पीकरला कान लावून बसलेलं असायचं. अशा वेळी "सांगता येत नाही" म्हणणं माझ्या जिवावर यायचं.

शेवटी मी साधा हिशेब केला. वादळ येणार म्हटलं आणि नाही आलं, तर लोक खूश होऊन जेवतील आणि मला विसरतील. येणार नाही म्हटलं आणि आलं, तर पुढचा व्हिडिओ माझा. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "दादा, त्या आठवड्यात वादळ येणार."

पलीकडून वहिनीचा आवाज आला. "बघा! मास्तर बोलले."

दुसऱ्याच दिवशी दादा मला घेऊन टेमघरला एका मंडपवाल्याकडे गेला. मंडपवाल्याने आम्हाला चहा दिला आणि फोनवर एक प्रचंड पांढरा तंबू दाखवला. लोखंडी कमानी, वर जाड प्लास्टिकचं छत, चारी बाजूंना तसलेच पडदे, खाली नटबोल्ट.

"सर, इसको जर्मन हँगर बोलते हैं. हाथी धक्का मारेगा तो हाथी गिरेगा. पानी का एक बूंद अंदर नहीं आएगा."

"आणि हवा?" मी विचारलं.

"हवा भी नहीं आएगी," तो अभिमानाने म्हणाला.

जर्मनीत मे महिन्यात किती तापतं, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. पण दादाचा चेहरा उजळला होता. त्याने बाजूंचे पडदेही घट्ट बसवायला सांगितले आणि आत लावायला मोठाले कूलर ठरवले. इथे मात्र माझ्यातला शिक्षक जागा झाला.

"दादा, कूलर कोरड्या हवेत चालतो. आपल्याकडं खाडीची दमट हवा. बंद जागेत तो नुसती वाफ करेल."

"तू वादळ बघ," दादा म्हणाला. "कूलर तुझ्या खात्यात न्हाय."

पुतणी एका गोदामात सेफ्टीचं काम बघते. आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडतील, आत हवा खेळते की नाही, हे तपासणं ही तिची रोजची ड्युटी. हँगर उभा राहिला त्या संध्याकाळी ती आतून एक फेरी मारून आली.

"काका, आम्ही बिस्किटांचे खोकेसुद्धा इतके कोंडून ठेवत नाही. पप्पांना सांगा ना."

मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. वादळ माझ्या सांगण्यावरून येणार होतं, आता मीच पडदे उघडा म्हटलं तर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली असती?

लग्नाच्या दिवशी सकाळपासून आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. पाहुणे उन्हातून घाईघाईने आत शिरले आणि शिरताच थबकले. मागचे पुढच्यांना ढकलत होते, म्हणून सगळे आत आले, एवढंच. पांढऱ्या प्लास्टिकमधून ऊन गाळून आत उतरत होतं. कूलर घोंघावत होते आणि त्यांच्यासमोर बसलेल्या बायकांचे चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे ओले दिसत होते. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून पिळली. खरंच पिळली.

"मास्तर, उगाच लोक वज्रेश्वरीला जातात," तो म्हणाला. "गरम कुंड इथंच हाय."

मांडवात आमची धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात होती. आमच्यात लग्न लावताना हिचं गाणं लागतंच, मग भटजी असो वा नसो. सत्तरीच्या पुढची बाई. अर्ध्या कडव्यात ती थांबली. आम्हाला वाटलं पुढचे शब्द आठवतेय. तिने पदर बाजूला केला, पाटावर हात टेकला आणि हळूच एका कुशीवर कलली.

एकच गोंधळ उडाला. वहिनी पाणी घेऊन धावली. मखमली शेरवानीतला नवरदेव उठायला गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पुन्हा बसला. भटजी म्हणाले मुहूर्ताला दहा मिनिटं आहेत, कुणीतरी म्हणालं मुहूर्त गेला खड्ड्यात. तेवढ्यात पुतणी शालू दोन्ही हातांनी उचलून पाटावरून उठली. तिने म्हातारीच्या कपाळाला हात लावला, डोळे पाहिले आणि सरळ मंडपवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साइड के परदे खोलो. अभी."

"मॅडम, सब बोल्ट है. दो घंटा लगेगा. और सेठ का ऑर्डर चाहिए."

सगळ्या माना दादाकडे वळल्या. दादाच्या फेट्यातून घामाची धार गालावर उतरत होती. त्याने पोरीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मास्तर, तू सांग. वादळ येनार का न्हाय?"

एवढ्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. वर्गातसुद्धा निम्मी मुलं खिडकीबाहेर बघायची. मी फोन काढला. तिन्ही ॲप तीन गोष्टी सांगत होती. पुतणीच्या कपाळावरचं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं होतं, आणि ती माझ्याकडे रागाने बघत नव्हती, नुसती वाट बघत उभी होती. त्या नजरेनेच मला लाज वाटली.

"मला माहीत नाही, दादा," मी म्हणालो. "तेव्हाही माहीत नव्हतं."

"एकतीस वर्षं शिकवलंस तू!"

"शिकवलं. ओळखता कधीच आलं नाही."

दादा काही बोलायच्या आत पुतणीने मागे वळून हाक मारली. तिच्या गोदामातली पाचसहा पोरं-पोरी सकाळची शिफ्ट संपवून थेट लग्नाला आली होती. खोके उघडायचे कटर त्यांच्या खिशातच होते. तिने हाताने खूण केली, इथून तिथपर्यंत. मंडपवाला "अरे, अरे" करत राहिला. पडदे वरपासून खालपर्यंत चरचर फाटत गेले, आणि शेतावरचा वारा आत घुसला. तोही गरमच होता, पण वारा होता. सगळ्या मांडवातून एक सुस्कारा निघाला. मंगलाष्टकांनासुद्धा लोकांनी एवढी मनापासून दाद दिली नसेल.

धवलारणीला वहिनीने लिंबूपाणी पाजलं. थोड्या वेळाने ती उठून बसली. तिने पहिलं काय विचारलं असेल? "माझा धवला कोनी पुरा केला?" कुणीच केला नव्हता. तिने तो जिथे सोडला होता तिथूनच उचलला. भटजींनी पंचांग चाळून पाऊण तासानंतरचा आणखी एक मुहूर्त काढला, तो पहिल्यापेक्षाही चांगला निघाला. अक्षता पडल्या. नवरदेवाने शेरवानी काढून बनियनवर उपरणं घेतलं. वहिनीला ते मुळीच आवडलं नाही आणि बाकीच्या सगळ्या पुरुषांना त्याचा हेवा वाटला. पंगती बाजूच्या गोदामाच्या सावलीत, माल चढवायच्या ओट्यावर बसल्या. लोक पोटभर जेवले.

वादळ आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. महिनाभर दादा माझ्याशी कामापुरतंच बोलला.

नंतर मला दुसऱ्यांकडून कळलं की दादा गावात लग्नाची गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत पडदे फाडायचा हुकूम त्याने दिला, आणि तो दिला कारण मास्तर उभे राहून ठणकावून म्हणाले, वादळ येणार नाही. मी हे पुतणीला सांगितलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ हसत राहिली.

"मग तुम्ही खरं का नाही सांगत, काका?"

मी म्हणालो, सांगेन. परवाच गावातले एक गृहस्थ दादाची गोष्ट ऐकून मुलाच्या लग्नाच्या तीन तारखा घेऊन माझ्याकडे आले होते. तिन्ही मे महिन्यातल्या, तिन्ही दुपारच्या, जागा उघडी. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला, आणि माझा हात आपोआप फोनकडे गेला.