गौरी रस्ता ओलांडते

आमच्या वन्संचं सासर आणि माहेर समोरासमोर. मधे फक्त रस्ता. लग्न लागल्यावर पाठवणीला त्या म्हणे रडल्याच नाहीत. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईने, विचारलं, तर म्हणाल्या, "रडायचं कशाला? संध्याकाळी कापी प्यायला येणारच आहे." आणि आल्याही कॉफीला. पुढे इतकी वर्षं येतच राहिल्या.

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. तंजावरहून चेन्नईला, मांबळमच्या ह्या घरात लग्न होऊन आले ती थेट त्यांच्या हाताखालीच. आता हे नाहीत, वन्संचे यजमानही नाहीत. आम्ही दोघी उरलो, ह्या काठाला मी, त्या काठाला त्या. नदी म्हणायचं तर रस्त्याला म्हणा. पूर्वी ह्या नदीला पाणी नव्हतं हो. भरदुपारी रस्त्यात कुरडयांसारखे वडाम वाळत घालायचो आम्ही, कुणाची सायकल आली तर तीच बाजूने जायची. मग घराघरात स्कूटर आली, मग गाडी आली, फूटपाथ गाड्यांखाली गेला. पलीकडे मेट्रोचं खोदकाम सुरू झालं आणि मोठ्या रस्त्याची सगळी रहदारी आमच्या दारातून, एकाच दिशेने, सुसाट निघाली.

दोन वर्षांपूर्वी ह्याच रस्त्यात एका बाइकने वन्संना पाडलं. खुब्याचं हाड मोडलं. त्या हिंडूफिरू लागल्या, पण तीन पायांची काठी आली आणि गुडघा असा झाला, की वीतभर उंच पायरीही चढवेना. आणि एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, मला दिसली: फाटकापर्यंत यायच्या, कडी काढायच्या, रस्त्याकडे बघायच्या आणि कडी लावून आत जायच्या.

आता आमच्या घरची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे भाद्रपदात गौरी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळेचे दोन मुखवटे वर्षभर लेकीच्या घरी असतात. गौर माहेरवाशीण, म्हणून तिला आणायचं ते माहेरवाशिणीनेच, मग ती सवाष्ण असो वा नसो, आणि चालत. रोवळीत मुखवटे घ्यायचे, तुळशीपाशी तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि निघायचं. बोलायचं नाही. मागे वळायचं नाही. बरोबर घरची सून ताटावर पळी वाजवत चालते, तिच्याही तोंडात पाणी. माहेरच्या उंबऱ्याशी पाय धुतले, की मग घोट गिळायचा.

हाड मोडल्यावरच्या वर्षी माझ्या मुलाने गौरी गाडीतून आणल्या. समोरचं घर, पण रस्ता एकदिशा. त्यामुळे गाडी पार देवळाच्या तळ्याला वळसा घालून आली. वन्सं मागच्या सीटवर, मांडीवर रोवळी, तोंडात पाणी, सिग्नलला अडकलेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत नीट. जाताना मला म्हणाल्या, "अगं, पुढच्या वर्षी मुखवटे तुझ्याकडेच ठेव. तुझी सून आणेल अंगणातून. गाडीने यायचं तर मी कशाला हवी? ड्रायव्हर पुरे."

हे त्या रागाने बोलल्या असत्या तर मी भांडले असते. पण शांतपणे बोलल्या. वन्संनी एकदा ठरवलं की ठरवलं. मुखवटे आले, की त्यांचं येणंही संपणार, हे मला लख्ख दिसलं. पुन्हा कधी कापीलासुद्धा नाही यायच्या. म्हणून विसर्जन झाल्यावर मुखवटे मी परत त्यांच्याकडेच पोचवले.

अशात यंदा आमच्या रस्त्यावर महापालिकेचा एक प्रयोग सुरू झाला. टोप्या घातलेली माणसं आली, खडूने रेघा मारल्या, रंग ओतला. सायकलींना हिरवी पट्टी केली, चालणाऱ्यांसाठी फूटपाथ मोकळा केला, कडेने मोठमोठ्या कुंड्या ठेवून त्यांत पुंगमची, म्हणजे करंजाची, रोपं लावली. आणि बरोबर वन्संच्या फाटकापासून आमच्या फाटकापर्यंत पांढरे पट्टे! दोन्हीकडे फूटपाथवर चढायला सिमेंटचा उतार. बाकी सगळीकडे फूटपाथ माझ्या पोटरीएवढा उंच. चढायचं तर ह्या उतारावरूनच. त्यांच्यातली एक इंजिनिअर मुलगी दारोदार फिरून, मला तमिळमध्ये 'पाटी' म्हणजे आजी म्हणत, सांगत होती, "पाटी, हे तात्पुरतं आहे. गल्लीला पसंत पडलं तर पक्कं करू. नाही पडलं तर उचलून नेऊ."

पसंत! गल्लीत युद्ध पेटलं. आणि विरोधातला सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, तर माझ्या पोटच्या मुलाचा. अंबत्तूरला ऑफिस, रात्री दमून येतो, आणि दारातली गाडीची जागा गेली. तळ्याजवळच्या गल्लीत गाडी लावून चालत यावं लागायचं.

"अम्मा, कुंड्यांना पगार देते का कंपनी? गाडीला देते," तो म्हणायचा.

"मग गाडीलाच पाठव ऑफिसला. तू घरी बस," मी म्हणायचे.

"आत्यासाठी गाडी आहे ना! हाक मारली की मी हजर."

"तिला हाक मारायची नाहीये रे. तिला यायचंय."

त्याला फरक कळेना. वाईट नाही हो तो. आत्याचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात बाकावर झोपलेला मुलगा आहे. पण गल्लीची बैठक गौरीविसर्जनानंतर ठरली होती आणि 'कुंड्या उचला' हे तिथे तोच बोलणार होता. अर्धी गल्ली त्याच्या मागे होती.

 गौरीच्या आदल्या दिवशी वन्संचा फोन आला. "उद्या ताटपळी घेऊन ये. पट्ट्यांवरून जाऊ. जमलं तर जमलं. नाही जमलं तर मुखवटे तुझे."

मुलाने बाजूनेच ऐकलं. "वेड लागलंय का आत्याला? उन्हात, त्या रहदारीत? मी गाडी आणतो." त्याने फोन ओढून घेतला. "आत्या, मी येतोय न्यायला."

"बघू," त्या म्हणाल्या. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. त्याला वाटलं, हो.

गौरीच्या दिवशी मी आधी एकटी पलीकडे गेले. पट्ट्यांवर पाय ठेवला तर एक रिक्षा खरंच थांबली. मला इतकं नवल वाटलं, की मीच थबकले. रिक्षावाला ओरडला, "पाटी, तुमच्यासाठीच थांबलोय, फोटो काढायला नाही!"

वन्सं तयार होत्या. नऊवारी नाही जमत आता, पण हिरवी रेशमी साडी, डाव्या हाताच्या कवेत रोवळी, उजव्या हातात काठी. तुळशीपाशी दोघींनी पाण्याचा घोट धरला. मी पळी वाजवली. फाटक उघडलं.

रस्त्याच्या कडेला आम्ही उभ्या राहिलो. दोघींचे डोळे एकाच बाजूला, जिकडून गाड्या येतात तिकडे. एक पांढरी गाडी आमच्यापुढून गेली, ती कुणाची हे बघायला कोण बसलंय. मागून पाण्याची लॉरी येत होती. चेन्नईची पाण्याची लॉरी म्हणजे तुम्हांला माहीत नसेल तर सांगते, तिच्यापुढे यमसुद्धा बाजूला होईल. मी ताट जोरात वाजवलं. लॉरी हळू झाली, फुसफुस करत पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. वन्संनी काठी टेकली आणि उतरल्या.

काठी, पाऊल, पाऊल. काठी, पाऊल, पाऊल. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. अर्धा रस्ता झाला. डोळे वर केले, आणि तोंडातलं पाणी तोंडातच गोठलं.

आमच्या दारातल्या उतारावर नाक टेकवून ती पांढरी गाडी उभी होती. आमचीच. एका बाजूला तिला कुंडी चिकटलेली, दुसऱ्या बाजूला रहदारी. आणि फाटकातून आत जाणारी पाठ दिसली, माझ्या मुलाची. आत्याला गाडीतून आणायचं म्हणून गाडी दारात लावून तो धोतरासारखी वेष्टी नेसायला आत चालला होता. मी हाक मारणार कशी? तोंडात पाणी. पाठ दिसेनाशी झाली.

मी ताट बडवलं. जीव खाऊन बडवलं. आणि आतून सुनेचा आनंदी आवाज आला, "अहो, गौरी निघाल्या वाटतं! आवरा लवकर!" म्हणजे बघा. मी जितकं जास्त वाजवावं, तितकी ती आत रांगोळीची पावलं जास्त मन लावून काढणार.

मागे वळता येत नाही. पुढे गाडी. बाजूने वळसा घालायचा, तर पट्टे सोडून रहदारीत जायचं, त्याच जागी, जिथे त्यांना बाइकने उडवलं होतं. आणि तेवढं करून पुढे उंच फूटपाथ, जिथे त्यांचा गुडघा चढणार नाही. वन्सं गाडीच्या मागच्या बाजूपाशी उभ्या राहिल्या. हलल्या नाहीत.

लॉरीच्या मागे हॉर्न सुरू झाले. लॉरी थांबली होती, पण दुचाक्या कधी थांबतात? तिच्या बगलेतून एकेक निघू लागली. एक गेली, दुसरी गेली. तिसरा डिलिव्हरीवाला, एक हात फोनवर, सरळ आमच्या अंगावर आला. मी मधे झाले आणि ताट पुढे धरलं. काय करणार होते त्या ताटाने, देव जाणे. करकचून ब्रेक लागला. त्याचं चाक माझ्या साडीच्या काठावर येऊन थांबलं. "अय्यो, पाटी!" म्हणून तोच पांढराफटक.

मी वन्संकडे बघितलं.  रस्ता तापला होता आणि त्या अनवाणी. कपाळावरचा घाम गालांवर ओघळला होता. पण ओठ घट्ट मिटलेले. एक शब्द टाकला असता तर मुलगा धावत आला असता. नाही टाकला. मला तर वाटलं, घोट थुंकावा आणि ओरडावं, जाऊ दे रीत खड्ड्यात. मी तोंड उघडणारच होते. त्यांनी नुसतं डोळ्यांनी 'नाही' म्हटलं.

शेवटी लॉरीचा ड्रायव्हर खाली उतरला. आडदांड माणूस, लुंगी वर खोचलेली. लॉरीच्या बगलेत हात पसरून उभा राहिला, दुचाक्या बंद केल्या आणि तमिळमध्ये अशी आरोळी ठोकली की गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर माणसं आली. "ही कुणाची गाडी? सामी, साक्षात देवी, रस्त्यात उभी आहे, आणि गाडी दारात बसलीय!"

तेव्हा माझा मुलगा बाहेर आला. अर्धी वेष्टी नेसलेली, अर्धी हातात. त्याने आधी लॉरी बघितली, मग आत्या बघितली, मग गाडी. चेहरा असा झाला, की मला त्याही वेळी त्याची दया आली. किल्ली पँटच्या खिशात, पँट आत. धावत गेला, धावत आला. मागे घ्यायला जागा नाही, मागे आम्ही. मग चाक वळवून पुढेच, फूटपाथवर चढवली. कुंडी घासली, गाडीवर लांबलचक ओरखडा उठला. ज्या गाडीवर पाखरू बसलं तरी तो फडकं घेऊन धावायचा, तीच गाडी.

उतार मोकळा झाला. काठी, पाऊल, पाऊल. वन्सं चढल्या.

उंबऱ्याशी दूधपाणी घेऊन सून बसली होती. मुलाने तिच्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतः आत्याच्या पायांवर पाणी घातलं. पावलं तळव्यांना लाल झालेली. तो पुन्हापुन्हा पाणी घालत राहिला. रीतीप्रमाणे सुनेने विचारलं, "गौरी, कशी आलीस?" उत्तर ठरलेलं असतं, सोन्याच्या पावलांनी आले म्हणायचं. वन्संनी घोट गिळला.

"चालत आले," त्या म्हणाल्या. मग भाच्याकडे बघून, "तुझी गाडी घरजावई आहे का रे? सारखी दारातच बसलेली असते."

सून हसली, मी हसले. तो नाही हसला. खाली बघून म्हणाला, "आत्या, मी तुम्हांला न्यायलाच लावली होती."

"माहितीये मला. म्हणून तर उभी राहिले. दुसऱ्या कुणाची असती तर काठीने काच फोडली असती."

बैठकीला तो गेला. मीही गेले, मागच्या खुर्चीवर. त्याच्या बाजूची मंडळी वाट बघत होती, आता हा उठेल आणि कुंड्या उचला म्हणेल. तो उठला. म्हणाला, "पट्टे राहू देत. पण त्या उताराच्या तोंडाशी एक लोखंडी खांब पुरा. खांब नसेल तर कुणीतरी गाडी लावणारच." कुणीतरी मागून ओरडलं, "कोण लावणार, तूच!" तो म्हणाला, "हो, मीच. म्हणून तर सांगतोय."

सगळं काही राहिलं नाही. गल्लीच्या वरच्या अर्ध्या भागातल्या लोकांनी कुंड्या काढायला लावल्या, तिथे गाड्या परत आल्या. आमचा अर्धा भाग पक्का झाला. मुलगा अजून तळ्याकडून चालत येतो आणि अजून कुरकुरतो, तेही खरं. गाडीवरचा ओरखडा त्याने काढून घेतलेला नाही. का, ते मी विचारलेलं नाही.

मुखवटे वन्संकडेच आहेत. संध्याकाळी मी दूध तापत ठेवते आणि कान खिडकीकडे लावून बसते. त्या येताना खांबावर काठी आपटतात, टण्ण. तो आवाज आला, की मी दुधात कापीचं डिकॉक्शन ओतते.