दारूचं नेमकं भाषांतर

'दारू' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? बाटली? मग तुम्ही माझ्यासारखेच आहात, आणि तुम्हाला कुठल्याही पोलिसासमोर दुभाषी म्हणून उभं करू नये.

माझी बाजू मांडते. माझे बाबा पुण्यात व्यसनमुक्तीचं मंडळ चालवतात. आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे असत आणि आम्ही जमिनीवर बसून जेवत असू. बाकीची मुलं 'द' दप्तराचा शिकली, मी 'द' दारूचा शिकले. पहिलं पत्रक मी चौथीत लिहिलं (विषय: शेजारचे काका). त्यांनी बिऱ्हाड बदललं, तो मी चळवळीचा विजय मानला. पुढे पत्रकांचे विषय वाढले, पण आवाज तोच राहिला. टोकियोला पीएचडीला आले तेव्हा सामानात लोणचं कमी आणि मतं जास्त होती.

माझे विनायकमामा आणि सुलूमामी जपानात माझ्या कितीतरी आधीपासून आहेत. मामा रसायनशास्त्रज्ञ. टोकियोजवळ उरायासुला भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुखाने राहत होते. २०११च्या भूकंपात तिथल्या जमिनीचा चिखल होऊन वर आला, मामांची सायकल निम्मी रुतली, आणि मामी म्हणाली, मला डोंगरावर घर हवं. ते मिळालं बोसोच्या डोंगरांत, एका लहानशा गावात. जमीन घट्ट आहे एवढं मामीने पाहून घेतलं. डोंगरात आणखी कोण राहतं, हे पाहायचं राहिलं.

रानडुकरं राहतात.

शेजारच्या हारुए-सान नावाच्या आजींचं भुईमुगाचं शेत आहे. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते करतात. दर वर्षी नव्या शेंगा मीठ घालून उकडतात आणि टोपलंभर मामीला आणून देतात. अगदी आपल्यासारख्या उकडलेल्या शेंगा! मामी म्हणते, परदेशात माहेर सापडलं ते त्या टोपल्यात. पण लागोपाठ दोन वर्षं डुकरांनी शेत उकरलं. या वर्षी पेरतानाच हारुए-सान म्हणाल्या होत्या, यंदाही तसंच झालं तर शेत सोडून ओसाकाला मुलाकडे जाईन. मुलगा आठव्या मजल्यावर राहतो. आठव्या मजल्यावर भुईमूग येत नाही.

मामांनी त्यांना शब्द दिला, यंदा डुकरं मी बघतो.

मामांकडे छऱ्यांची बंदूक होतीच, पण तिने लांबचं डुक्कर पडत नाही. इथे ती दहा वर्षं निमूटपणे बाळगली की मगच रायफलीचा परवाना मागता येतो. तो या उन्हाळ्यात मिळाला, नवी रायफल आली, आणि लक्षात आलं की दुकानातली काडतुसं तिला मानवत नाहीत. गोळी नेमापासून हातभर लांब जायची. प्रत्येक रायफलीला तिची तिची मात्रा लागते म्हणे. मग मामा घरीच काडतुसं भरू लागले. पितळी पुंगळीत नाजूक तराजूवर मोजलेली दारू, म्हणजे बंदुकीची, ओतायची, वर गोळी दाबून बसवायची, पुढच्या खेपेला दारू किंचित वाढवायची, मैदानावर जाऊन कागदावर नेम धरायचा, आणि ज्या मात्रेला भोकं एकमेकांना चिकटतील तिथे थांबायचं.

हे सगळं मला आज पाठ आहे. तेव्हा माहीत नव्हतं. कारण मी सुट्टीला येतेय म्हटल्यावर मामीने मामांना बजावलं होतं, की रेवासमोर हा विषय काढू नका, ती तुमच्यावर पत्रक काढेल.

बंदूक आहे हे मात्र लपण्यासारखं नव्हतं. पहिल्याच रात्री जेवताना मी शस्त्रमुक्त समाज आणि प्राण्यांशी सहजीवन यांवर बोलले. पिठलं गार झालं. मामा म्हणाले, भुईमुगाला विचारावं लागेल. मी तो उपरोध कार्यकर्त्याच्या सहनशीलतेने पचवला.

दुसऱ्या संध्याकाळी मामा मागच्या छोट्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून किणकिण ऐकू येऊ लागली. मी मामीला म्हटलं, भूक लागलीय, कुकर लावू का?

"आत्ता नको गं," मामी हळूच म्हणाली. "ते बसलेत ना. शिट्टी झाली की तोल जातो."

(तराजूचा. पण हे कोण सांगणार!)

मामा बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. हात स्थिर नव्हता आज, एवढंच बोलले आणि झोपायला गेले. तिसऱ्या दिवशी दाराआडून त्यांचा आवाज आला, की कालच्यापेक्षा थोडी वाढवली, काही त्रास नाही, उद्या आणखी वाढवून बघू. चौथ्या दिवशी बारीकसा भूकंप झाला. मी आणि मामीने सवयीने भांड्यांचं कपाट धरलं, आणि आतून मामांनी हंबरडा फोडला, "सांडली! सगळी सांडली! आता पहिल्यापासून भरावी लागणार!"

घर हलत होतं आणि या माणसाला दुःख कशाचं, तर सांडल्याचं. मला माझ्या आईच्या भावाची अवस्था कळून चुकली.

मी त्या रात्री पत्रक लिहिलं. समोरच्याचा अपमान होऊ नये म्हणून व्यसनाचं नाव न घेण्याची बाबांची पद्धत आहे, तीच पाळली. 'तुम्ही दाराआड जे करता ते आम्हाला माहीत आहे. घरातल्यांचा विचार करा. आजच सोडा.' आणि ते दाराखालून सरकवलं. सकाळी मामा चहाला आले ते खाली मान घालून.

"तुझं बरोबर आहे गं," ते म्हणाले. "वाईटच ते. पण शेंगा निघेपर्यंत करू दे. मग सोडतो."

शेंगांचा संबंध मला कळला नाही. पण सोडण्याची तारीख पुढे ढकलणं हे पहिलं लक्षण, असं आमच्या तिसऱ्या क्रमांकाच्या पत्रकात स्पष्ट छापलेलं आहे.

आणि मग तो दिवस आला. मामा रायफल घेऊन मैदानावर गेले होते. मामी कणीक मळत होती. दारात स्कूटर थांबली आणि गस्तीचे पोलीस आत आले. त्यांना इथे अदबीने ओमावारीसान म्हणतात. नवीन रायफल आली की घरी येऊन चार प्रश्न विचारतात, एरवी त्यात काही विशेष नाही. मामीचं जपानी भाजी, कचरा आणि हवामान या विषयांत अस्खलित आहे. पोलीस दिसला की मात्र ती नुसतं "हाय, हाय" म्हणते. (जपानीत त्याचा अर्थ 'होय'. मामीच्या तोंडून ते मराठीच वाटतं.)

मी पुढे सरसावले. म्हटलं, मामी, तू मराठीत बोल, मी नेमकं भाषांतर करते. 'नेमकं' हा शब्द माझाच होता, नोंद असावी.

ओमावारीसाननी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, घरात काही भांडणतंटा? यजमान संध्याकाळी काय करतात?

"भांडायला वेळ कुठाय यांना," मामी म्हणाली. "रोज संध्याकाळी दारू घेऊन बसतात."

मी मामीकडे वळले. "मामी, हे सांगू यांना?"

"सांग की. त्यांना माहीतच आहे. त्यांच्याच परवान्याने तर आणतात."

सरकार परवाने देऊन घरं बुडवतं, हे मी लहानपणापासून ओरडून सांगत आले होते. पण इतका थेट पुरावा पहिल्यांदा मिळत होता.

"रोज किती?"

"मोजून गं. कणभर इकडेतिकडे चालत नाही. रोज थोडी वाढवतात. बरोबर लागली की तिथे थांबायचं."

"आणि मग?"

"मग काय, बंदूक घेऊन जातात. आत्ताही तेच करायला गेलेत."

आता मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असतात तर? (खरं सांगू नका.) मी एकही शब्द गाळला नाही. यजमान रोज संध्याकाळी मद्य पितात. रोज प्रमाण वाढवतात. पुरेशी चढली की बंदूक घेऊन बाहेर पडतात. या क्षणी बाहेरच आहेत. जपानी व्याकरण इतकं निर्दोष मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मामी शेजारी उभी राहून हसतमुखाने मान डोलावत होती.

ओमावारीसाननी कप खाली ठेवला. "आत्ता?" त्यांनी मामीकडे बघून विचारलं.

"हाय," मामी म्हणाली.

मैदानावर मामांच्या त्या रायफलीची भोकं त्याच दुपारी पहिल्यांदा एकमेकांना चिकटली होती. मामा कागद हातात धरून बघत होते, इतक्यात दोन गाड्या आल्या. मामांना नळीत फुंकायला लावलं. माझे मामा जेवणात थोडंसं स्वयंपाकाचं गोड मद्य पडलं असेल या संशयाने लग्नाच्या पंगतीतून उठून आलेले आहेत. नळीत काहीच निघालं नाही. पण आज प्यायला नाही म्हणजे कधीच पीत नाही असं होत नाही, आणि इथे तर खुद्द बायकोने सांगितलेलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत रायफल आणि छऱ्यांची बंदूक, दोन्ही पोलिसांकडे जमा झाल्या.

मामा घरी आले आणि बूट न काढता पायरीवर बसले. "मी दारू पितो, असं कुणी सांगितलं?"

मामीने माझ्याकडे पाहिलं. "अगं, तू काय सांगितलंस त्यांना? मी बंदुकीच्या दारूचं बोलत होते."



"रेवा," मामा शांतपणे म्हणाले, "शाळेत दारूगोळा हा शब्द आला होता ना?"

"आला होता."

"तुला काय वाटलं होतं, दारू प्यायची आणि डोकं दुखलं की गोळी घ्यायची?"

यापुढे फजिती जाऊ शकत नाही असं वाटत असेल, तर तुम्ही जपानी खेड्यात राहिलेला नाहीत. पोलिसांनी चौकशीसाठी घरोघर विचारलं, मामा किती पितात. गावाने 'आम्हाला माहीत नाही' असं सांगितलं आणि त्या क्षणापासून गावाला माहीत झालं. एकाने रात्री येऊन मामांच्या हातात साकेची मोठी बाटली ठेवली आणि गहिवरून म्हणाला, इतकी वर्षं बोलला नाहीत, मी एकटाच पितो हो. हारुए-सान बारीक शिंपल्यांचं गरम सूप घेऊन आल्या. ते यकृताला चांगलं असतं. मामा शाकाहारी आहेत. ते सूप त्यांनी दोन्ही हातांनी स्वीकारलं, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी पोलीस ठाण्यात गेले. कमरेत वाकून माफी मागितली आणि तिथल्या वरिष्ठांना सांगितलं की मराठीत या दोन्ही वस्तूंना एकच शब्द आहे. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, दोन्हींनी घर उडतं. ते हसले नाहीत. मग कुठली ते कशावरून ओळखता? संदर्भावरून, मी म्हटलं.

"घरात बंदूक आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, डॉक्टरांचा दाखला लागेल, पुन्हा सगळ्यांशी बोलावं लागेल, वेळ लागेल.

डुकरांना इतका वेळ नव्हता. त्याच आठवड्यात ती आली आणि निम्मं शेत उकरून गेली. सकाळी आम्ही गेलो तेव्हा हारुए-सान बांधाशी बसून तुटलेले वेल सारखे करत होत्या, जणू पांघरूण नीट करताहेत. मामांनी वाकून क्षमा मागितली. त्या घाईने उठल्या आणि म्हणाल्या, तुम्ही आधी तब्येत सांभाळा, शेंगांचं काय एवढं. मामांनी पुन्हा मान लववली. भाचीचं नाव एकदा घेतलं असतं तरी सुटले असते. ते घेतलं नाही, आणि मला तिथेच मातीत तोंड खुपसावंसं वाटलं.

मग मीच सांगितलं. पहिल्यापासून, न गाळता, याही वेळी निर्दोष व्याकरणात. हारुए-साननी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं हसतील, निदान रागावतील. त्यांनी फक्त उरलेल्या निम्म्या शेताकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, अजून उपटायला आलं नाही. हे राहिलं तर मी राहीन. मग घरात गेल्या आणि एक पत्र्याचा डबा आणि काठी आणून माझ्या हातात दिली.

तेव्हापासून दिवस मावळायला लागला की मी बांधावर उभी असते. डबा वाजवते, घोषणाही देते, घोषणा मला येतात. पण एकट्या बाईच्या डब्याला डुकरं घाबरत नाहीत. काल त्यांतली तीन झाडीच्या कडेला येऊन बसली आणि मान वाकडी करून ऐकत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेत होतं. मला जरा चढलंच. मी सहजीवनावर बोलू लागले, आणि बोलण्याच्या भरात वाजवायचं राहून गेलं. चार वेल गेले.

म्हणून ही विनंती, आणि ती अगदी मनापासून आहे. टोकियो, उरायासु, जिथे कुठे असाल तिथून, शनिवार-रविवार मोकळा असेल तर या. येताना घरातला सगळ्यात मोठा आवाज करणारा डबा आणा. माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहा आणि डुकरं दिसली की वाजवा. आणि मी भाषण सुरू केलं, तर माझ्याकडे तोंड करून वाजवा.